कोठ्याचे वेळापत्रक

मराठी घरात पोटाविषयी बोलायला कोणी लाजत नाही. सकाळी चहाबरोबर ‘पोट साफ झाले का?’ अशी चौकशी होते, मुक्कामाला आलेल्या पाहुण्यालाही रात्री त्रिफळा चूर्ण हवे का म्हणून विचारले जाते, आणि लग्नाच्या जेवणावळीनंतर कोणाचा कोठा किती जड झाला याची चर्चा चारचौघांत रंगते. पण ही मोकळीक एका ठिकाणी येऊन थांबते. शौचाला होत नाही हे सांगता येते. कपड्यांत झाले, हे सांगता येत नाही. पहिल्या तक्रारीसाठी घरोघरी उपायांच्या बाटल्या आहेत. दुसरीसाठी कोणी उठायच्या आत गुपचूप धुतलेले कपडे.

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे बोलण्यातला ‘एमएस’, झालेल्या माणसाला या दोन्ही तक्रारी असू शकतात, आणि पुष्कळदा दुसरी पहिलीतूनच निघते. म्हणूनच अर्धी तक्रार सांगितली आणि अर्धी लपवली की उपचार उलटा होण्याची भीती असते.

हा त्रास विरळा नाही. १९९० साली ‘गॅस्ट्रोएंटरॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात हाइंड्स, आयडलमन आणि वाल्ड या अमेरिकी संशोधकांनी एमएसच्या २८० रुग्णांची पाहणी छापली. त्यांपैकी ६८ टक्के लोकांना आतड्याची काही ना काही तक्रार होती. ४३ टक्क्यांना बद्धकोष्ठ होते आणि जवळजवळ निम्म्यांवर आधीच्या काही महिन्यांत एकदा तरी शौच न आवरण्याची वेळ आली होती. दोन्ही आकड्यांची बेरीज ६८ च्या बरीच पुढे जाते. याचा अर्थ असा की, चारांतल्या एकाला तरी दोन्ही त्रास होते.

एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंवर हल्ला करते. तंतूंभोवतीचे मायलिनचे वेष्टन जागोजाग उखडते, तिथे चट्टे पडतात आणि निरोप रखडतात किंवा पोहोचतच नाहीत. वेष्टन धड असलेला जाड तंतू सेकंदाला शंभर मीटरहून अधिक वेगाने निरोप नेऊ शकतो, हे लक्षात घेतले की ते उखडल्यावर काय होत असेल याचा अंदाज येतो. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात जाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराची नीट ओळख पटवली. त्याच्याही आधी, इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा नातू ऑगस्टस डेस्ट याने आपल्या दुखण्याची रोजनिशी ठेवली होती. १८२२ मध्ये अचानक अंधुक झालेल्या दृष्टीपासून ती सुरू होते आणि पुढे पायांतले बळ जाणे, बधिरपणा, मूत्राशयाच्या तक्रारी असे सगळे तिच्यात येते. आपण लिहितो आहोत तो एमएस आहे हे त्याला कळणे शक्यच नव्हते. पण असल्या गोष्टी कागदावर उतरवण्याचा त्याचा निर्भीडपणा आजच्या रुग्णांनी उचलावा असा आहे.

भारतात हा आजार युरोपच्या मानाने कमी आढळतो, तरी तो परका नाही. मुंबईतल्या पारशी समाजात त्याचे प्रमाण जास्त असल्याचे १९८० च्या दशकातल्या अभ्यासांत दिसून आले. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ मध्ये मुंबईतच सुरू झाली. पुण्यातही तिची शाखा आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा १९९५ चा कायदा सात प्रकारचे अपंगत्व मानत असे. २०१६ च्या कायद्याने ते एकवीस केले आणि त्यांत एमएसचे नाव घातले.

आता आतड्याकडे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बेलिस आणि स्टार्लिंग यांनी १८९९ मध्ये कुत्र्याच्या आतड्यावर एक प्रयोग केला. बाहेरून आतड्याकडे येणाऱ्या नसा त्यांनी तोडल्या, तरीही घास पुढे ढकलणारी लाट आतड्यात उठतच राहिली. आतड्याच्या भिंतीत त्याचे स्वतःचे मज्जातंतूंचे जाळे असते आणि त्यात काही कोटी पेशी असतात. एमएसचा हल्ला मेंदू आणि मज्जारज्जूवर होतो. हे जाळे त्याच्या मुख्य टप्प्याबाहेर राहते. त्यामुळे एमएसमध्ये आतडे बंद पडत नाही. बिघडतो तो त्याचा वरच्यांशी असलेला संपर्क. लाटा मंदावतात, निघण्याची वर्दी उशिरा मिळते आणि दार उघडण्याचा किंवा लावून घेण्याचा हुकूम वेळेवर खाली जात नाही.

लहान आतडे रोज लिटर-दीड लिटर पातळ ऐवज मोठ्या आतड्यात सोडते. मोठे आतडे त्यातले बहुतेक पाणी शोषून घेते आणि शेवटी शंभर-दोनशे ग्रॅम मल उरतो. निरोगी माणसात या प्रवासाला साधारण दीड दिवस लागतो. लाटा मंदावल्या की मुक्काम लांबतो, आणि मुक्काम लांबला की शोषण चालूच राहते. मल वाळतो, त्याचे खडे होतात.

शेवटच्या टप्प्यावरची रचना फार बारकाईची आहे. गुदद्वाराला आवळून धरणारी दोन स्नायूंची कडी असतात. आतले आपल्या हुकमात नसते. गुदाशयात काही उतरले की ते आपोआप थोडे सैल होते. त्या क्षणी तिथल्या संवेदनशील त्वचेला वायू, पातळ की घट्ट, यातला फरक कळतो. मग निरोप वर जातो आणि वेळ-प्रसंग पाहून मेंदू बाहेरचे कडे आवळायला किंवा सोडायला सांगतो. शिवाय गुदाशयाला मागून वेढा घालून पुढे ओढणारा एक स्नायू असतो. पाण्याच्या नळीला घडी पडली की धार थांबते, तसा तो त्या वाटेला बाक देऊन ती अडवून ठेवतो. या सगळ्यांना हुकूम देणाऱ्या नसा मज्जारज्जूच्या अगदी तळातून निघतात. म्हणजे मेंदूपासून तिथपर्यंतचा सगळा लांबलचक रस्ता सुरळीत हवा. एमएसमध्ये या रस्त्यात कुठेही चट्टा पडू शकतो.

काही रुग्णांत तर हुकूम उलटेच होतात. माणूस कुंथतो आणि जो स्नायू सैल व्हायचा तोच आवळतो. तासन्‌तास बसूनही काही होत नाही, घरच्यांना वाटते चालढकल चालली आहे, आणि बसून बसून पाय मात्र बधिर होतात. कुंथण्याचा जोर वाढवणे हा यावरचा उपाय नाही. त्याने मूळव्याध तेवढी होते.

समजा, पंचेचाळिशीतल्या एका शिक्षिकेला एमएस आहे. गेले दोन आठवडे तिला दिवसातून चार-पाच वेळा पातळ होते, कधी वर्गातच कपडे खराब होतात. ती औषधाच्या दुकानात जाऊन ‘जुलाब होतात’ एवढेच सांगते आणि लोपेरामाइडच्या गोळ्या घेऊन येते. दोन दिवस बरे वाटते, मग पोट फुगते, भूक मरते, आणि गळती पुन्हा सुरू होते. प्रत्यक्षात तिच्या गुदाशयात घट्ट मलाचा खडा अडकलेला असतो. त्याच्या मागून येणारा पातळ मल वाट मिळेल तिकडून झिरपत बाहेर पडतो, आणि सतत ताणलेल्या गुदाशयाची जाणीव बोथट झाल्याने तिला ते कळत नाही. लोपेरामाइडने आतडे आणखी मंदावते, खडा आणखी पक्का होतो. डॉक्टरांनी हातमोजा घालून बोटाने तपासले किंवा पोटाचा एक्स-रे काढला तर हे उलगडते. पण त्याआधी कोणीतरी ‘जुलाब सुरू व्हायच्या आधी पोट कधी साफ झाले होते?’ हा प्रश्न विचारायला हवा. तो डॉक्टरांनी विचारला नाही, तर रुग्णाने त्याचे उत्तर आपणहून सांगावे.

अडकलेल्या मलाचे परिणाम गुदाशयापुरते राहत नाहीत. भरलेला गुदाशय पुढच्या मूत्राशयावर दाब देतो, लघवी पूर्ण होत नाही, उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. संसर्ग झाला की ताप येतो. एमएसच्या रुग्णाचे अंग तापले की जुनी लक्षणे तात्पुरती उसळी मारतात. जर्मन नेत्रवैद्य विल्हेल्म उह्टहोफ यांनी १८९० मध्ये याची नोंद केली आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. पायांचा ताठरपणाही बद्धकोष्ठाने वाढतो. घरच्यांना वाटते, एमएसचा नवा झटका आला. स्टेरॉइडची चर्चा सुरू होते, आणि मूळ असते चार दिवस न झालेले पोट. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात, जिथे तापमान ४५ अंशांपर्यंत चढते, तिथे उष्णता, कमी पडलेले पाणी आणि बद्धकोष्ठ अशी तिहेरी अडचण एकाच वेळी येते.

पाणी कमी का पडते? पुष्कळदा माणूस मुद्दामच पीत नाही. एमएसमध्ये लघवी अचानक आणि जोरात लागते, म्हणून बाहेर पडण्याआधी घोटभरही पाणी घेतले जात नाही. स्त्रियांच्या बाबतीत त्यात सार्वजनिक शौचालयांचा प्रश्न मिसळतो. मुंबईत ‘राइट टू पी’ ही चळवळ ज्या प्रश्नावर उभी राहिली, त्यातून येणारी घराबाहेर पाणीच न पिण्याची सवय एमएस असलेल्या बाईला दुप्पट महागात पडते. मूत्राशयाची तक्रार सांभाळायला गेलेली बाई आतड्याची तक्रार ओढवून घेते, आणि तुंबलेले आतडे फिरून मूत्राशयालाच त्रास देते.

औषधांमुळेही हेच चक्र फिरते. लघवीची घाई कमी करणाऱ्या ऑक्सिब्युटिनिन, टोल्टेरोडीन, सोलिफेनासिन यांसारख्या गोळ्या आतडे मंद करतात. मज्जातंतूंच्या वेदनेसाठी दिले जाणारे अमिट्रिप्टिलिन, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामके, लोहाच्या आणि काही कॅल्शियमच्या गोळ्या याही त्याच दिशेला नेतात. उलट एमएसवरच्या डायमिथाइल फ्युमरेटने सुरुवातीच्या आठवड्यांत मळमळ, पोटात कळा, जुलाब होऊ शकतात. जेवणाबरोबर घेतल्याने त्रास कमी होतो. टेरिफ्लुनोमाइडनेही काहींना जुलाब होतात. म्हणून नवे रेचक सुरू करण्याआधी सगळ्या गोळ्यांची यादी, हकिमी आणि आयुर्वेदिक धरून, डॉक्टरांपुढे ठेवणे हे पहिले काम. कधी कधी एक गोळी बदलली की अर्धा प्रश्न सुटतो.

दुसरे काम वहीचे. दोन आठवडे रोज लिहायचे: कधी झाले, किती वेळ लागला, कसे होते, गळती झाली का, आणि त्या दिवशी काय खाल्ले-प्यायले. ‘कसे होते’ हे सांगायला अवघड जाते, म्हणून ब्रिस्टल विद्यापीठातल्या स्टीफन लुइस आणि केन हीटन यांनी १९९७ मध्ये मांडलेला सात चित्रांचा तक्ता आज जगभर वापरतात. एक म्हणजे सुट्या कडक लेंड्या, चार म्हणजे गुळगुळीत, मऊ, लांबट, आणि सात म्हणजे निव्वळ पाणी. रुग्णाने ‘एक आणि मग एकदम सात’ असे सांगितले की अनुभवी डॉक्टरला वर सांगितलेल्या शिक्षिकेची आठवण व्हावी. लाजऱ्या माणसालाही आकडा सांगता येतो, हा या तक्त्याचा मोठाच गुण म्हणायचा.

मग वेळ ठरवायची. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय हाच. जठरात अन्न पडले की मोठ्या आतड्यात लाट उठते. ही शरीराची उपजत प्रतिक्रिया आहे आणि झोपेतून उठल्यावर, न्याहारीनंतर ती विशेष जोरात असते. एमएसमध्येही तिचा उपयोग करून घेता येतो. सकाळचा गरम चहा आणि मग संडास, ही घरातल्या आजोबांची शिस्त शरीरशास्त्राला धरून होती. न्याहारीनंतर वीस मिनिटे ते अर्ध्या तासाने, रोज त्याच वेळी, इच्छा झाली नसली तरी दहा-पंधरा मिनिटे बसायचे. नाही झाले तर न कुंथता उठायचे. आतड्याला नवी सवय लागायला दिवस नव्हे, आठवडे लागतात, आणि पहिल्या पंधरवड्यात कंटाळून सोडून देणारेच जास्त असतात. ज्या घरात सातच्या लोकलसाठी तीन माणसे एका संडासापुढे ताटकळतात, तिथे ही वेळ मोकळी ठेवणे हे सगळ्या घराने मिळून घ्यायच्या निर्णयाचे काम आहे. सकाळ जमत नसेल तर रात्रीच्या जेवणानंतरची वेळ धरावी. वेळ कोणतीही चालेल, पण ती रोजची हवी.

बसण्याच्या पद्धतीवर इस्रायलमध्ये डॉव्ह सिकिरोव्ह यांनी २८ निरोगी लोकांवर एक साधा अभ्यास केला. २००३ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात उकिडवे बसून पोट साफ व्हायला सरासरी ५१ सेकंद लागले आणि नेहमीच्या उंचीच्या कमोडवर १३०. उकिडवे बसले की वर सांगितलेला तो बाक सरळ होतो. यावरून ‘आपली जुनी पद्धतच बरी’ असा जयघोष करायचा मोह होईल, पण एमएस असलेल्या माणसाला तो परवडणारा नाही. पायांत बळ नाही, तोल जातो, गुडघे ताठरतात. ओल्या फरशीवर उकिडवे बसून उठताना पडणे हे बद्धकोष्ठाहून वाईट. त्यामुळे कमोडच हवा, त्याच्या बाजूला भिंतीत घट्ट बसवलेला दांडा हवा, आणि पायांखाली सहा ते नऊ इंचांचा पाट किंवा चौरंग, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात. थोडे पुढे वाकून कोपर गुडघ्यांवर टेकवायचे. भाड्याच्या घरात कमोड बसवणे शक्य नसेल तर भारतीय संडासावर ठेवायची भोकाची कमोड खुर्ची सर्जिकल सामानाच्या दुकानांत मिळते. पाय पुरेसे टेकत नसतील किंवा बसल्यावर तोल जात असेल तर पाट घसरणार नाही याची खात्री फिजिओथेरपिस्टकडून करून घ्यावी.

आहाराबाबत मराठी सल्ला एका शब्दात संपतो: चोथा. तो बहुतेकांना लागू पडतो. ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाज्या, मोड आलेली मटकी, पेरू, पपई, अंजीर हे सगळे चांगलेच. पण ज्याचे आतडे फार मंद आहे, जो चाकाच्या खुर्चीत असतो आणि पाणीही जेमतेम पितो, त्याच्या पोटात एकदम चोथ्याचा भरणा केला तर पोट फुगते आणि अडथळा वाढतो. चोथा हळूहळू वाढवायचा आणि पाण्याबरोबर. इसबगोलाचेही तेच. गुजरात-राजस्थानात पिकणारा आणि भारतातून जगभर जाणारा हा भुसा पाणी पिऊन कित्येक पटींनी फुगतो. मोठा पेलाभर पाण्याशिवाय घेतला तर घशातच अडकू शकतो, आणि एमएसमध्ये गिळायला त्रास होत असेल तर तो घेऊच नये. जास्त पाणी प्यायल्याने बद्धकोष्ठ पळते, हे मात्र अर्धसत्य आहे. ज्याला पाणी कमी पडते त्याला फायदा होतो. पुरेसे पिणाऱ्याने आणखी दोन लिटर ओतले तर ते बहुतांशी लघवीतूनच जाते.

एवढ्याने भागले नाही तर रेचके. लॅक्ट्युलोज आणि मॅक्रोगोल ही आतड्यात पाणी धरून ठेवतात, मल मऊ करतात. यांतल्या मॅक्रोगोलने पोट कमी फुगते. बिसाकोडिल आणि सेन्ना आतड्याला चेतवतात. सेन्ना म्हणजे आपली सोनामुखी, आणि बाजारातल्या अनेक ‘नैसर्गिक’ चूर्णांचा जोर तिच्यामुळेच असतो. म्हणजे चूर्ण घेणारा माणूस औषध घेत नाही या समजात असतो, तेव्हाही तो औषधच घेत असतो, फक्त मात्रा ठाऊक नसते. अशा रेचकांनी आतडे कायमचे ‘आळशी’ होते ही भीती मात्र नेमून दिलेल्या मात्रेत फारशी खरी ठरलेली नाही. बिसाकोडिलच्या गोळीला सहा ते बारा तास लागतात, म्हणून ती रात्री घेतात, आणि दुधाबरोबर घेत नाहीत, कारण दुधाने तिचे आवरण जठरातच विरघळते. लिक्विड पॅराफिन टाळलेले बरे: ते गुदद्वारातून झिरपते, आणि गिळताना ठसका लागणाऱ्याच्या फुप्फुसात उतरले तर न्यूमोनिया होतो.

तोंडाने घ्यायच्या औषधाची अडचण अशी की ते कधी काम करील याचा नेम नसतो. बँकेतल्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाला हा बेभरवसा परवडत नाही. गुदद्वारातून ठेवायची ग्लिसरीनची किंवा बिसाकोडिलची सपोझिटरी साधारण पंधरा मिनिटे ते तासाभरात काम करते, म्हणजे वेळ आपल्या हातात येते. ती मलाच्या खड्यात नव्हे, आतड्याच्या भिंतीला टेकेल अशी ठेवायची. हे कोणी सांगत नाही आणि मग ‘गुण आला नाही’ अशी तक्रार होते. काहींना हातमोजा घालून, वंगण लावून बोटाने हलकेच गोल फिरवण्याचा उपयोग होतो, त्याने उरलेली प्रतिक्षिप्त क्रिया जागी होते. हे तंत्र परिचारिकेकडून शिकून घ्यावे.

पोटाला मालिश करण्याविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पोट चोळणे हे आपल्याकडच्या आज्यांना ठाऊक आहेच. ब्रिटनमध्ये डोरीन मॅक्लर्ग आणि सहकाऱ्यांनी एमएसच्या सुमारे १९० रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी घेतली. ‘अँबर’ नावाच्या या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. ज्या मुख्य गुणांकावर उपायाची पारख करायची होती, त्यात मालिश करणारे आणि न करणारे यांच्यात लक्षणीय फरक पडला नाही. शौचाला होण्याच्या वेळा मात्र थोड्या वाढल्या. म्हणजे चमत्कार नाही, पण अपायही नाही, पैसा लागत नाही, आणि बऱ्याच रुग्णांना ते आवडले. असा उपाय करून पाहायला हरकत नाही. फक्त त्यापायी बाकीचे सोडू नये.

गळतीचा विचार वेगळा करावा लागतो. आधी खडा नाही याची खात्री, मगच लोपेरामाइड. बाळंतपणात स्नायूला इजा झाली होती का हेही पाहायला हवे. एमएस पुरुषांपेक्षा स्त्रियांत दुपटी-तिपटीने आढळतो, आणि सगळा दोष एमएसवर टाकला की दुरुस्त होऊ शकणारे कारण निसटते. बायोफीडबॅक नावाच्या प्रशिक्षणात गुदद्वाराजवळच्या स्नायूंची हालचाल पडद्यावर दाखवून ते आवळायला आणि सोडायला शिकवतात. एमएसमध्ये त्याचा निम्म्याहून थोड्या कमी लोकांना चांगला उपयोग होतो. आजार कमी पुढे गेलेला असेल तर अधिक. आणि काही उपाय अगदीच साधे आहेत. सलवारीची नाडी सोडण्यात जाणारी वीस सेकंदे कधी कधी सगळे ठरवतात. इलास्टिकचा कपडा घातला की ती वाचतात. बाहेर जाताना पिशवीत पॅड, ओले पुसणे, जोडीचा कपडा आणि घट्ट बंद होणारी प्लॅस्टिकची पिशवी असली की एसटीचा प्रवासही झेपतो. त्वचा धुऊन, कोरडी करून झिंक ऑक्साइडचे मलम लावावे.

एवढे करूनही जमत नसेल तर गुदद्वारातून पाणी सोडून आतडे धुण्याची पद्धत आहे. फुग्याची नळी आत बसवून पंपाने कोमट पाणी सोडतात आणि खालचे आतडे रिकामे करतात. अर्ध्या-पाऊण तासात काम होते आणि नंतर बरेचदा दिवस-दोन दिवस निर्धास्त जातात. मज्जारज्जूला इजा झालेल्या ८७ रुग्णांवर युरोपातल्या पाच देशांत चाचणी झाली आणि २००६ मध्ये छापून आली. नेहमीच्या उपचारांपेक्षा हा उपाय सरस ठरला. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१८ मध्ये अशा एका साधनाची शिफारस केली. भारतात हे साधन महाग पडते आणि शिकवणारी परिचारिका शोधावी लागते. आतडे फाटण्याचा धोका अत्यंत विरळ असला तरी आहे, म्हणून पहिल्यांदा ते जाणकाराच्या देखरेखीखालीच करायचे. आतड्याला सूज, अरुंदपणा, कर्करोग किंवा नुकतीच शस्त्रक्रिया असेल तर करायचेच नाही.

शौचातून रक्त, कारण नसताना घटणारे वजन, पन्नाशीच्या आसपास अचानक बदललेली सवय, किंवा उलट्यांसह फुगलेले पोट आणि वायूही न सरणे, यांतले काही दिसले तर ‘एमएसचेच असेल’ म्हणून थांबू नये. पहिल्या तिन्हींसाठी सहसा कोलोनोस्कोपी लागते. चौथ्यासाठी त्याच दिवशी रुग्णालय.

सगळ्यात शेवटी कोलोस्टोमी येते, म्हणजे पोटावर वाट काढून तिथे पिशवी लावणे. आपल्याकडे तिचे नाव काढले की कर्करोगच आठवतो, आणि आता संपले, असा अर्थ घेतला जातो. मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर ती करून घेतलेल्यांच्या पाहण्या वेगळे सांगतात: आठवड्याचे कित्येक तास वाचले, दुसऱ्यावर अवलंबून राहणे कमी झाले. त्यांतल्या पुष्कळांची तक्रार शस्त्रक्रियेबद्दल नव्हतीच. हा पर्याय आपल्याला इतक्या उशिरा का सांगितला, अशी ती होती.